गॅसभट्टीला आतून झिरकॉनचा लेप: कधी, कशावर आणि किती

तुमचं म्हणणं दोनदा वाचलं. १० इंची एमएस पाइपचा १४ इंच लांब तुकडा, आत एक इंचाचं सिरॅमिक वूल (कापसासारखी उष्णतारोधक गादी), पाऊण इंची पाइपचा एक व्हेंच्युरी बर्नर (गॅसच्या झोतानेच हवा ओढून घेणारा), दोन्ही तोंडं उघडी. कमानपाट्याच्या तुकड्याला लालच्या पुढे ताव चढत नाही. वूलवर चंदेरी हीट-रेझिस्टंट पेंट मारलात, तो पहिल्याच तापात धूर होऊन गेला. आता तुमचा प्रश्न असा, की आयटीसी-१०० सारखा उष्णता परावर्तित करणारा लेप परदेशातून मागवावा, की इथल्या सामानातून तसं काही करता येईल. आणि तो लावल्यावर भट्टी वेल्डिंगच्या तावाला, म्हणजे तापवलेल्या पट्ट्या ठोकून एकजीव करता येतील इतक्या तावाला, पोचेल का.

लेप इथल्या सामानातून, झिरकॉन या खनिजाच्या पांढऱ्या पुडीतून, होतो आणि चांगला होतो. पद्धत पुढे सविस्तर देतो. पण तुमची भट्टी आज जशी आहे तिला कुठलाही लेप लावलात तरी ती पिवळी होणार नाही. तुमची अडचण लेपाची नाहीच. आतली पोकळी बर्नरला झेपत नाही आणि दोन्ही तोंडं सताड उघडी आहेत. लेपावर पैसे घालण्याआधी हे नीट कळावं, म्हणून थोडा हिशोब मांडतो. आकडे ढोबळ आहेत, पण निर्णय घ्यायला पुरेसे आहेत.

तापलेली पोकळी उघड्या तोंडातून जी उष्णता बाहेर फेकते, ती तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते, आणि तापमान केल्विनमध्ये धरायचं. ८०० अंश सेल्सिअसला, म्हणजे तुमच्या आजच्या लाल तावाला, उघड्या तोंडाच्या दर चौरस मीटरमागे सुमारे ७५ किलोवॉट जातात. १२५० अंशांना, म्हणजे वेल्डिंगच्या तावाला, तोच आकडा ३०५ होतो. तुमचं आतलं तोंड ८ इंची, म्हणजे सुमारे ०.०३२ चौरस मीटर. लाल तावाला एका तोंडातून २.४ आणि दोन्हींतून मिळून जवळपास ५ किलोवॉट नुसते प्रारणाने चाललेत. बर्नर तासाला ७०० ग्रॅम गॅस जाळतो असं धरलं, तर त्याची एकूण उष्णता ९ किलोवॉट. उरलेल्या चारातला मोठा वाटा गरम धुराबरोबर जातो. हिशोब तिथेच जुळतो आणि भट्टी तिथेच अडते. वेल्डिंगच्या तावाला नेलीत तर त्या एका ८ इंची तोंडातूनच १० किलोवॉट जातील, म्हणजे बर्नर जेवढं देतो त्याहून जास्त.

भिंतीचं काय? १२५० अंशांना एक इंच वूलमधून बाहेर झिरपणारी उष्णता तुमच्या मापाच्या भट्टीत दोन किलोवॉटच्या घरात येते. दोन इंच केलंत की एकच्या आसपास. लेप जे काही वाचवणार ते या भिंतीच्या हिश्श्यातूनच वाचवणार. तोंडातून जे जातं त्याला तो हात लावू शकत नाही.

म्हणून पहिलं काम म्हणजे वूलचा दुसरा थर. आज तुमची पोकळी साडेअकरा लिटरची आहे. पाऊण इंची व्हेंच्युरी बर्नर वेल्डिंगच्या तावाला साधारण पावणेसहा लिटर पोकळी नीट तापवतो, हा भट्टी बांधणाऱ्यांचा जुना अंदाज आहे आणि माझ्या हाताखालच्या भट्ट्यांनी तो कधी खोटा ठरवला नाही. एक इंचाचा दुसरा थर घातला की पोकळी साडेसहा लिटरवर येते, आणि त्यावर सेंटीमीटरभर कठीण थर दिला की जेमतेम पाच. दुसरं काम म्हणजे तोंडं. मागचं तोंड इन्सुलेशन विटांनी जवळपास बंद करा, लांब पट्टी पार करायची असेल तर विटांत दोन बोटांची फट ठेवा. पुढे दोन विटा सरकवून ६ बाय ८ सेंटीमीटरची खिडकी ठेवा. त्या खिडकीतून १२५० अंशांना दीड किलोवॉट जातील. १० वरून दीडवर आलात, तेही चार विटांच्या किमतीत. एक मात्र लक्षात ठेवा: धूर जायला पुरेशी वाट हवीच. फार आवळलंत तर बर्नर गुदमरतो आणि ज्योत मागे पाइपात शिरते.

आता लेपाकडे येतो. जाहिराती वाचून असं चित्र उभं राहतं की भिंतीवर आरसा बसतो आणि उष्णता त्यावरून उसळून लोखंडावर पडते. यात थोडं खरं आहे. भट्टीच्या तापमानाला प्रारणाचा जोर २ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास सगळ्यात जास्त असतो आणि त्या पट्ट्यात झिरकॉनची पांढरी पूड बऱ्यापैकी परावर्तन करते. पण बंद पोकळीचं गणित वेगळं असतं. भिंतीने उष्णता परतवली काय, किंवा शोषून स्वतः लालबुंद होऊन पुन्हा फेकली काय, मागचं वूल ती बाहेर जाऊ देत नसेल तर शेवटी ती लोखंडाकडेच येते. म्हणूनच बाजारात काही लेप परावर्तन जास्त म्हणून विकले जातात, तर काही उत्सर्जन जास्त म्हणून, आणि गॅस वाचवण्याचा दावा दोघेही करतात. शिवाय पांढरा लेप महिनाभरात लोखंडाच्या पापुद्र्याने आणि वेल्डिंग करताना जोडावर टाकतात त्या टाकणखाराच्या वाफेने तपकिरी-राखाडी होतो. पहिल्या दिवसाचं परावर्तन तोवर उरत नाही, तरी भट्टी चांगली चालत राहते.

मग मी लेप का लावतो? वूलला कातडी हवी असते म्हणून. उघड्या वूलमध्ये बर्नरचा झोत शिरतो, तंतू ठिसूळ होतात आणि हवेत उडतात. आणि टाकणखार! वेल्डिंग करायचं असेल तर हा सगळ्यात मोठा शत्रू. माझ्या दुसऱ्या भट्टीत मी ब्रशने लेप थेट मऊ वूलवर चढवला होता. दिसायला सुंदर, पांढराशुभ्र. तीन आठवडे पट्ट्या जोडण्याचं काम केलं. एका संध्याकाळी अंधारून आल्यावर भट्टीखाली लाल ठिपका दिसला, रुपयाच्या नाण्याएवढा, बाहेरच्या पाइपवर. भट्टी थंड करून आत पाहिलं तर तळाशी लेपाला बारीक भेग होती, आणि तिच्याखाली वूल साखरेचा पाक कापसावर सांडावा तसं बसून गेलेलं. काळसर हिरवी काच तयार झाली होती, थेट पत्र्यापर्यंत. टाकणखार साधारण ७४० अंशांना वितळतो आणि वूलसारखं सिलिका असलेलं सगळं खातो. लेप जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर जाड; त्याच्याखाली मऊ गादी असेल तर सांडशीचा एक धक्का त्याला पुरतो.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. वूल, वूलला कडकपणा, त्यावर कठीण थर, आणि शेवटी झिरकॉन.

वूल १२६० ग्रेडचं, १२८ किलो प्रति घनमीटर घनतेचं, २५ मिलिमीटर जाडीचं घ्या. त्याच जाडीचं ९६ घनतेचंही मिळतं, थोडं स्वस्त असतं, पण हाताला पोकळ लागतं आणि लवकर बसतं. १२६० अंश हा आकडा ग्रेडचा आहे, रोज तेवढ्यावर चालवायची परवानगी नाही, आणि वरचे थर देण्याचं तेही एक कारण आहे.

कडकपणासाठी कोलॉइडल सिलिका, म्हणजे सिलिकाचे अतिसूक्ष्म कण तरंगत असलेलं पाणी. पाण्यासारखी दिसते, किंचित दुधी. हातपंपाच्या बाटलीतून वूलवर फवारा, त्यात खायच्या रंगाचा एक थेंब टाका म्हणजे कुठे पोचली आणि कुठे राहिली ते दिसतं. रात्रभर वाळू द्या आणि मग बर्नर लावून पृष्ठभाग लाल होईपर्यंत तापवा. थंड झाल्यावर बोटाने टकटक केलीत तर पुठ्ठ्यासारखा आवाज येतो. तसा आला नाही तर आणखी एक हात.

कठीण थरासाठी हाय अल्युमिना मॉर्टर किंवा बारीक दाण्याचं कास्टेबल (पाण्यात कालवून लावायचं, उष्णता सोसणारं काँक्रीट), ८ ते १० मिलिमीटर. साध्या कास्टेबलमध्ये पाच-सहा मिलिमीटरचे खडे असतात, ते एवढ्या पातळ थरात बसत नाहीत, म्हणून दाणा विचारून घ्या. अल्युमिना जितकं जास्त तितका टाकणखाराला टिकाव जास्त. लावण्याआधी पृष्ठभाग ओला करा. गिलावा करताना गवंडी भिंतीला आधी पाणी मारतो, कारण तेच. कोरडं वूल मॉर्टरमधलं पाणी ओढून घेतं आणि थर चिकटण्याआधीच सुकतो. सिमेंटवालं कास्टेबल असेल तर २४ तास प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून ओलं ठेवा, मगच वाळवा.

आता झिरकॉन. महाराष्ट्रात बसून यासाठी परदेशाकडे पाहण्याची गरज नाही. झिरकॉन ही आपल्या किनाऱ्यावरच्या वाळूतून निघणारी वस्तू आहे. केरळ, तमिळनाडू आणि ओडिशात ती काढली जाते. मोरबीच्या टाइल कारखान्यांत ती ग्लेझ पांढरं करायला लागते. आणि आपल्या कामासाठी सगळ्यात जवळचा ग्राहक म्हणजे इन्व्हेस्टमेंट कास्टिंगवाला. मेणाच्या नमुन्यावर तो जो पहिला लेप चढवतो, तो बहुतेक वेळा झिरकॉन फ्लोअर (झिरकॉनची पिठासारखी बारीक पूड) आणि कोलॉइडल सिलिका यांचाच असतो, आणि त्यावर वितळलेलं स्टील ओततात. कोल्हापूर, बेळगाव, भोसरी भागात फाउंड्रीला माल पुरवणाऱ्यांकडे दोन्ही वस्तू मिळतात. दुकानदार गोणी देतो. तुम्हाला अर्धा किलो पुरतं. ओळखीच्या फाउंड्रीत जाऊन मागा, आनंदाने देतात.

एक चूक मात्र टाळा. फाउंड्रीत ‘झिरकॉन पेंट’ म्हणून तयार डबा मिळतो, स्पिरिटमधला, साच्याला मारून पेटवून सुकवायचा. त्यात पूड तीच असली तरी धरून ठेवणारा पदार्थ राळेचा असतो. साच्यात धातू एकदाच ओतायचा असतो, तेवढं त्याला जमतं. भट्टीत राळ जळून जाते आणि मागे सुटी पूड राहते, जी फडक्याने पुसली तरी निघते. माझ्याकडे अनेक जण हा डबा घेऊन आलेत, म्हणून मुद्दाम लिहितो.

मिश्रणाच्या दोन तऱ्हा मी वापरतो. एक, झिरकॉन फ्लोअर ३२५ मेशचं (मेश म्हणजे चाळणीचं माप), वजनाने ९५ भाग, आणि बेंटोनाइट नावाची चिकणमाती ५ भाग, पाण्यात. बेंटोनाइट आदल्या रात्री पाण्यात भिजवून ठेवा, नाहीतर गुठळ्या जात नाहीत. ते जास्त घालायचा मोह होतो कारण ब्रश छान फिरतो. पण बेंटोनाइट सुकताना आकसतं आणि सुकलेल्या तळ्याच्या तळासारख्या भेगा पडतात. दुसरी तऱ्हा, तेच झिरकॉन थेट कोलॉइडल सिलिकामध्ये कालवायचं. हा लेप जास्त कडक होतो आणि मला अधिक आवडतो, फक्त भांड्यात लवकर घट्ट होतो, म्हणून लागेल तेवढाच करा. दाटपणा धिरड्याच्या पिठाएवढा. ब्रश उचलला की धार तुटक पडली पाहिजे. झिरकॉन वाळूपेक्षा खूप जड, घनता साडेचारच्या वर, त्यामुळे दोन मिनिटं बोलत बसलात तर ते तळाशी बसतं आणि वरून तुम्ही नुसतं पाणी लावत राहता. दर दोन-तीन फटकाऱ्यांनी तळापासून ढवळा.

पृष्ठभाग पुन्हा ओला करा, पातळ हात द्या, सुकू द्या, आडवा दुसरा हात द्या. दोन्ही मिळून एक मिलिमीटरच्या आत. जाड लेप जास्त काम करील असं वाटतं, पण तो पहिल्या-दुसऱ्या तापात पोपड्यांनी सुटतो.

वाळवणं हा या सगळ्या कामातला सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. आत १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब एक दिवस लावून ठेवा. कोकणात किंवा पावसाळ्यात असाल तर तीन दिवस. मग बर्नर अगदी मंद, पाच मिनिटं चालू, दहा मिनिटं बंद, असं करत जा. तोंडाशी थंड आरसा किंवा स्टीलची ताटली धरा. त्यावर ओल जमते तोपर्यंत ताव वाढवू नका. आतल्या पाण्याची वाफ झाली की ती कास्टेबलचे टवके उडवते, आणि टवका उडाला की मागचं वूल उघडं.

तळाचा भाग वेगळा धरा. कितीही चांगला लेप असला तरी वेल्डिंगचा टाकणखार तळाशीच साचतो. तिथे हाय अल्युमिना कास्टेबलची एक सुटी फरशी ओतून ठेवा, बोटभर जाडीची, काढता येईल अशी. ती खराब झाली की बदलायची. माझी वर्षातून एकदा-दोनदा बदलते आणि बाकीची भट्टी तशीच चालते.

हे सगळं प्रत्येकाला लागतंच असं नाही. तुम्ही फक्त कोयते-विळे घडणार, पट्ट्या जोडणार नाही, टाकणखार आत येणारच नाही, तर सेंटीमीटरभर कास्टेबलची गरज नाही. कडक केलेल्या वूलवर दोन-तीन मिलिमीटर मॉर्टर आणि त्यावर झिरकॉन एवढं भागतं. कास्टेबल जड असतं, ते आधी स्वतः तापतं आणि मग लोखंडाला तापू देतं. दिवसाला पंधरा मिनिटं भट्टी लावणाऱ्याचा गॅस त्यातच जातो. सलग चार-पाच तास काम करणाऱ्याला तेच वजन उपयोगी पडतं, कारण गार पट्टी आत घातली तरी ताव उतरत नाही. तुम्हाला वेल्डिंग करायचं आहे असं लिहिलंत, म्हणून मी तुम्हाला जाड थराचा मार्ग सांगतोय.

तुम्हाला कुणी भट्टीत ॲल्युमिनियम फॉइल लावायलाही सुचवलंय असं दिसतं. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. आत तर नाहीच, वूलच्या दोन थरांमध्येही नको. चंदेरी पेंट साधारण ६०० अंशांपर्यंतचा असतो, तो बाहेरच्या पाइपला गंज लागू नये म्हणून ठीक. वॉटर ग्लास, म्हणजे सोडियम सिलिकेट, स्वस्त असल्याने लोक लेपात घालतात. त्यातला सोडा वरच्या तावाला लेपच मऊ करतो. पीओपी आणि घरबांधणीचं सिमेंट भट्टीच्या आत कधीही नको.

आता जे मी प्रत्येकाला हात धरून सांगतो ते. सिरॅमिक वूलची धूळ फुफ्फुसाला वाईट. कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने तिला ‘मानवात कर्करोगाची शक्यता’ या गटात ठेवलंय. आणि वापरलेलं वूल नव्यापेक्षा वाईट, कारण हजार अंशांच्या वर राहून त्यात क्रिस्टोबलाइट तयार होतं, ते स्फटिकी सिलिका असतं आणि त्याबद्दल शक्यता नाही, खात्री आहे. म्हणून तुमचं आताचं जळकं वूल काढताना आधी पाणी फवारून ओलं करा, चांगल्या प्रतीचा मास्क घाला, साधा कापडी रुमाल चालणार नाही. कपडे घरच्या कपड्यांत धुवू नका, मुलांना तिथे फिरकू देऊ नका. झिरकॉनची कोरडी पूड कालवतानाही मास्क हवाच.

भट्टी उघड्यावर किंवा दोन्हीकडून वारा खेळेल अशा शेडमध्येच लावा. तोंडं आवळली की ज्योतीत गॅस जास्त आणि हवा कमी होऊ शकते आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नसतो. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साठतो, म्हणून सिलिंडर खड्ड्यात किंवा तळघरात नको. आणि सिलिंडर १९ किलोचा व्यावसायिक घ्या. घरचा १४.२ किलोचा स्वयंपाकासाठीच आहे, भट्टीला तो वापरणं नियमात बसत नाही. शिवाय घरचा रेग्युलेटर या बर्नरला लागणारा दाब देतच नाही.

लेपाने नक्की किती फरक पडला हे बघायचं असेल तर डोळ्यांवर विसंबू नका. दुसरा थर आणि विटांची तोंडं झाल्यावर, कठीण थर देऊन पण झिरकॉन न लावता, सिलिंडर काट्यावर ठेवून तासभर भट्टी चालवा आणि किती गॅस गेला ते लिहून ठेवा. मग झिरकॉन लावून, वाळवून, त्याच रेग्युलेटरच्या दाबावर पुन्हा तासभर. त्याच मापाची पट्टी केशरी व्हायला किती मिनिटं लागली तेही लिहा. माझ्याकडे फरक दिसतो तो मुख्यतः पहिल्या दहा मिनिटांत, भट्टी चढताना. एकदा चढली की फार नाही. तुमच्या भट्टीत वेगळं निघालं तर मला ते आकडे खरोखर हवेत.

तुम्ही दिलेल्या माहितीत दोन गोष्टी नव्हत्या: बर्नरच्या जेटचं, म्हणजे गॅस सुटण्याच्या तोटीचं, छिद्र किती मिलिमीटरचं आहे, आणि उच्च दाबाचा रेग्युलेटर आहे का. ज्योतीचा फोटो काढता आला तर संध्याकाळी, कमी उजेडात, तोंडासमोरून काढा. पोकळी अर्धी केल्यावर हाच जेट कदाचित हवेच्या मानाने जास्त गॅस देऊ लागेल आणि तोंडातून पिवळ्या जिभा बाहेर येतील. तसं झालं तर लेपाला हात लावण्याआधी आपण जेट बदलू.